दुनळीचं वय

१

बंदुकीचं वय काढायचं असेल तर मालकाचं ऐकायचं नाही, हा सहदेव परबचा नियम होता. मालक म्हणतो पणजोबांच्या वेळची, मालक म्हणतो संस्थानच्या दिवाणाने बक्षीस दिली. बोरिवलीच्या एका गृहस्थाने तर आपली बंदूक थेट पेशवाईत नेऊन ठेवली होती, आणि निघाली ती १९२४ची. सहदेव सगळं ऐकून घ्यायचा, हं हं करायचा, आणि बंदूक दुमडून नळ्या वेगळ्या करायला घ्यायचा. दुनळीवर नंबर तीन ठिकाणी असतो: नळ्यांच्या बुडाला, मधल्या लोखंडावर आणि पुढच्या लाकडाच्या आतल्या पट्टीवर. तिन्ही नंबर एक असले तर बंदूक अस्सल. मग खणातली जाड वही काढायची. कुठल्या कारखान्याने कुठलं साल कुठल्या नंबराने सुरू केलं, याच्या याद्या त्याने तीस वर्षांत त्या वहीत जमवल्या होत्या. यादीवर बोट फिरवायचं आणि साल सांगून मोकळं व्हायचं. रायफल असो की दुनळी, काम तेच.

दुकान अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला, पडद्याच्या कापडवाल्याच्या आणि चष्मेवाल्याच्या मध्ये. पुढे काउंटरवर मालक भाऊराव, मागच्या खोलीत सहदेव मिस्त्री. खोलीला खिडकी होती, पण ती चष्मेवाल्याच्या भिंतीवर उघडायची, म्हणजे उघडायचीच नाही. दिवसाही ट्यूबलाइट. भिंतीला साखळी लावलेल्या बंदुकांची रांग, तेलाचा वास, आणि छप्पन्न वर्षांचा सहदेव.

खरं सांगायचं तर तो नियम नव्या गिऱ्हाइकापुरता होता. दर तीन वर्षांनी लायसन रिन्यू करायला येणाऱ्या जुन्या बंदुकांचं कोण एवढं बघतो? बंदूक खोला, मळ काढा, झिजलेले आकडे भिंगाखाली धरा, बाहेर चारजण ताटकळत बसलेले. सहदेव सरळ लायसनवर लिहिलेला नंबर कागदावर उतरवायचा आणि सही ठोकायचा. याच्या आधीचे मिस्त्री तेच करत. ऑफिसातले कारकूनही मागच्या कागदावरून पुढच्या कागदावर उतरवत. नंबर काय, वाढतो थोडाच?

२

१९८५च्या डिसेंबरात वनमालाबाई धुरी आपल्या मुलाला घेऊन दुकानात आल्या. मुलाच्या खांद्यावर चादरीत गुंडाळलेली दुनळी होती.

सहदेवने बंदूक आधी ओळखली आणि माणसं मग. बर्मिंगहॅमच्या कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याची बारा बोअर. गुणाजी धुरीची. घाटकोपरच्या भटवाडीत राहणारा, गिरणीतला माणूस. गावच्या शेतीसाठी बापाकडून आलेलं लायसन, दर तीन वर्षांनी न चुकता यायचा. चार वेळा सहदेवने त्याच्या कागदावर सही केली होती.

"गुणाजी नाही आला?"

"बाबा गेले," मुलगा म्हणाला. "गणपतीच्या आधी."

मुलाचं नाव मधुकर. सव्वीस वर्षांचा, विक्रोळीच्या एका कंपनीत टर्नर, दंड भरलेले, बोलणं फटाफट. "काका, बंदूक माझ्या नावावर करायची आहे. लायसन होईपर्यंत दुकानात जमा ठेवा, असं पोलीस म्हणाले. किती दिवस लागतील? गावाला रानडुकरांनी वाट लावलीय शेताची. आणि बापाची वस्तू आहे यार, दुसरं काय ठेवलंय त्याने."

भाऊरावांनी त्याला कागदांच्या झेरॉक्स काढायला समोर पिटाळलं. तो गेला तशा वनमालाबाई मागच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही खंयचे?"

"माणगावचो," सहदेव म्हणाला. "तुमी?"

"झाराप." बाई जराशा सैलावल्या. पदर ओढून घेतला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "भाऊ, एक सांगतंय. झिलाक, मधुकराक सांगू नकात. ही बंदूक परत आमच्या घरात येऊक नको."

"कित्याक?"

"घोव माझो अठ्ठेचाळीस वर्सांचो होतो. दर आयतवारी ही घेवन बसायचो. पुसल्याशिवाय चैन पडायचा नाय. पुसून झाली काय पडान ऱ्हवायचो. डाक्तर म्हणालो, कायव रोग नाय. शेवटी शेवटी निजलेलो बघलंय काय वाटायचा, माझो सासरोच निजलो आसा."

सहदेवला गुणाजी आठवला. मागच्या वर्षी आला होता तेव्हा फार उतरलेला वाटला होता. पण संपानंतर गिरणीतली सगळीच माणसं उतरली होती. चाळीशीच्या माणसांना कवळ्या बसवायची वेळ आली होती. त्यात बंदुकीचा काय दोष?

"सरकारात जमा करा, मोडून टाका, कायव करा," बाई म्हणाल्या. "पण झिलाच्या हातात देव नकात. माका शब्द देवा."

बाईचे डोळे कोरडे होते. रडत असत्या तर सहदेवने समजूत घालून वाटेला लावलं असतं. आपल्या मुलखातली बाई, नवऱ्यामागे एकच मुलगा.

"देवचंय नाय," तो म्हणाला. "घोर करू नकात."

आता शब्द दिलाच आहे तर काहीतरी कारण शोधायला हवं, म्हणून त्याने त्याच दिवशी बंदूक खोलायला घेतली. जुनी बंदूक, कुठेतरी दोष निघेलच, वापरायला धोक्याची आहे असा शेरा मारू, म्हणजे प्रश्न मिटला. इतका सरळ हिशेब होता.

३

लायसनवर नंबर होता २१,४०६. वहीप्रमाणे साल १९०९.

नळ्यांच्या बुडाला नंबर होता ४३,११८.

सहदेवने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. भिंग घेतलं. नंबर ठळक होता, कुठे झिजलेला नाही, कुठे मळ नाही. मधल्या लोखंडावर तोच, पुढच्या लाकडाच्या पट्टीवर तोच. तिन्ही एकमेकांशी जुळत होते आणि लायसनशी एकही जुळत नव्हता. त्याने वहीत बघितलं. १९३१.

बंदूक बदलली गेली की काय? असले प्रकार होतात. चांगली बंदूक विकून तिच्या जागी दुसरी ठेवतात. पण मग लायसनवरच्या चार सह्या कोणाच्या? सहदेव परबच्या. पंचाहत्तर, अठ्ठ्याहत्तर, एक्याऐंशी, चौऱ्याऐंशी. प्रत्येक वेळी "बंदूक पाहिली, नंबर बरोबर" असं लिहून खाली झोकात सही. एकदाही बघितलं नव्हतं. हे उघडं पडलं तर पोलीस गुणाजीला विचारायला जाणार नव्हते.

मग त्याला पितळी पट्टी दिसली. दस्त्याला उजव्या बाजूला भेग गेली होती, ती अठ्ठ्याहत्तर साली त्याने स्वतः पट्टी मारून बसवली होती. चार स्क्रू. तिसऱ्या स्क्रूची खाच घसरून वाकडी झाली होती, ती अजून तशीच वाकडी होती. म्हणजे बंदूक तीच.

बंदूक तीच आणि नंबर दुसरा, हे काही बसेना. मग त्याने पातळ कागद नंबरावर धरला आणि वरून शिसपेन्सिल आडवी घासली. काळ्यात पांढरे आकडे उमटले. ती छाप नेऊन भाऊरावांपुढे धरली.

"काय नंबर आहे हो?"

"त्रेचाळीस हजार एकशे अठरा. का रे? डोळे गेले तुझे?"

"नाही. खात्री केली."

त्याने छापेवर तारीख घातली आणि ती खणात ठेवली. भाऊरावांना बाकी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या चार सह्यांपासून सुरुवात करावी लागली असती.

४

दुकानात जमा असलेली बंदूक दर आठ दिवसांनी तेलाच्या फडक्याने पुसायची असते. मुंबईची हवा खारट. पंधरा दिवस हात लावला नाही तर गंज धरतो. सहदेव शनिवारी सकाळी रांगेने सगळ्या बंदुका पुसायचा. बाकीच्या अठरा बंदुका पुसायला तासभर लागे. धुरीच्या दुनळीला एकटीलाच तेवढा वेळ लागू लागला. पुसून ठेवली की वाटे, अजून जरा राहिलं.

दुसऱ्या शनिवारी त्याने पुन्हा छाप घेतली. ४४,९०२. वहीत १९३३.

तो नुसता हसला. दुसरं करणार काय? छापेचे कागद शेजारी शेजारी ठेवले. दोन्हीवर त्याचंच अक्षर, त्याचीच तारीख. भिंगातून दोनदा पाहिलं. मग चष्मेवाल्याकडे जाऊन डोळे तपासून घेतले. चष्मेवाला म्हणाला, नंबर तोच आहे, उगाच पैसे कशाला घालवता.

त्या दिवसापासून तो फार दमू लागला. भांडुपहून अंधेरीची बस तो तीस वर्षं पकडत होता, आता थांब्यावरच्या कठड्यावर टेकल्याशिवाय उभं राहवेना. भांडुपजवळ नाहूरला घरी पोचला की चप्पल काढायलाही जीव नसायचा. चांगली आठ आठ तास झोप लागे, आणि उठला की वाटे, रात्रभर कोणीतरी ओझी वाहायला लावली.

"तुमी येवढे कित्याक दमतास?" बायकोने, रुक्मिणीने विचारलं. "डाक्तराक तरी दाखवा."

"वय झाला."

"छप्पन्नाव्या वर्सात? माझो बापूस सत्तर वर्सांचो असताना माडार चढायचो."

तो पांघरूण ओढून आडवा झाला. बोलायचाही कंटाळा आला होता.

जानेवारीत एक गोष्ट ध्यानात आली. ती दुनळी आधी बंद करताना खुळखुळायची. जुनी दुनळी सैल होते, बिजागरी झिजते, हलवली की खडखडते. आता ती बंद केली की एकदाच 'ठक्' व्हायचं, जाड पुस्तक मिटल्यासारखं. दस्त्यावर हाताची पकड बसावी म्हणून कोरलेली बारीक जाळी असते. धुरीच्या दुनळीची जाळी पार गुळगुळीत होती, हे त्याला पक्कं आठवत होतं. आता तिच्यावरून अंगठा फिरवला तर किसणीसारखं लागत होतं.

त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि स्वतःच मारलेली पितळी पट्टी काढली. चारही स्क्रू निघाले. पट्टीखाली भेग नव्हती. भेगेचं राहू द्या. स्क्रूची भोकंसुद्धा नव्हती. खाली अखंड अक्रोडाचं लाकूड होतं, आणि त्याच्या हातात चार स्क्रू. इतका वेळ ते कशात बसले होते?

सहदेवने पट्टी आणि स्क्रू कागदात बांधून ठेवले. त्याला आता भीती वाटत होती, अगदी सरळ भीती. पण भ्यायलासुद्धा अंगात ताकद लागते. तो स्टुलावर बसला आणि दहा मिनिटं डोळे मिटून घेतले.

५

मग त्याने ठरवलं, हात लावायचा नाही. गंजू दे, सडू दे.

दुनळी त्याने रांगेतून काढली, चादरीत गुंडाळली आणि लोखंडी कपाटाच्या तळाच्या कप्प्यात ठेवली. वर काडतुसांची रिकामी खोकी रचली. किल्ली भाऊरावांना दिली आणि सांगितलं, "ही किल्ली मी मागितली तरी देऊ नका."

"का रे बाबा?"

"धुरीची बंदूक आहे आत. तिचं काम थांबवलंय."

भाऊरावांनी खांदे उडवले आणि किल्ली गल्ल्यात टाकली.

पुढच्या शनिवारी सहदेवने बाकीच्या बंदुका पुसल्या, तासाभरात आटपलं. बरं वाटलं. स्टुलावर बसून त्याने डबा उघडला. डबा रिकामा होता. घासलेला, पुसलेला. जेवण झालं होतं तर. त्याने घड्याळ बघितलं. साडेबारा असतील असं वाटलं होतं, चार वाजून गेले होते.

हाताला तेलाचा वास येत होता, पण तो तर नेहमीच यायचा. फडकं खुंटीवर नव्हतं. त्याच्या सदऱ्याच्या खिशात होतं, ओलंचिंब.

तो उठून पुढे गेला. भाऊराव पेपर वाचत होते.

"भाऊराव, दुपारी मी काय करत होतो हो?"

"काय करत होतास म्हणजे?" भाऊरावांनी पेपरवरून बघितलं. "ती धुरीची पुसत बसला होतास की. दोन-तीन तास झाले असतील. मी दोनदा हाका मारल्या. एवढं काय तिला लाडावून ठेवलंयस?"

"किल्ली कोणी दिली?"

"मागितलीस तू. आधी नाही म्हटलं मी, तर केवढ्याने ओरडलास. तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवलास, सहदेव. तब्येत ठीक नसेल तर चार दिवस घरी बस."

सहदेव परत खोलीत आला. कपाट बंद होतं. दुनळी रांगेत, आपल्या जुन्या जागी, साखळीत उभी होती आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तिच्या नळ्या निळ्या दिसत होत्या. कारखान्यातून आलेल्या कोऱ्या बंदुकीला असतो तो निळा रंग. सहदेवने असा रंग जुन्या कॅटलॉगातच पाहिला होता.

छाप घेतली. ५२,३७५. एकोणीसशे सत्तेचाळीस.

गुणाजीला त्याने कधीच विचारलं नव्हतं, बाबा रे, एवढा का उतरलास. कागद पुढे ओढला, नंबर उतरवला, पुढचा कोण, असं म्हटलं. चार वेळांपैकी एकदा जरी खोलून बघितलं असतं तर त्या माणसाला निदान सांगता तरी आलं असतं की ही घरात ठेवू नकोस. हे मनात आलं आणि मग जाईचना.

६

मार्चच्या सुरुवातीला छापेवर नंबर आला ५८,६४०.

हा नंबर वहीत नव्हता. कारखाना सत्तावन्न साली बंद पडला. शेवटची बंदूक ५८,२०० आणि काही. त्यापुढे त्या कारखान्याने एकही बंदूक केलेली नव्हती. सहदेव यादीच्या तळाला, कोऱ्या कागदावर बोट ठेवून बसला. तीस वर्षांत त्याने साल सांगितलं नाही अशी ही पहिलीच बंदूक.

आता सोक्षमोक्ष लावायचा. पोलिसांना लिहून द्यायचं: धुरी यांच्या नावे जमा असलेल्या बंदुकीचा नंबर लायसनशी जुळत नाही, सबब ती सरकारजमा करावी. बस्स. एकदा मालखान्यात गेली की तिथे कोण कोणाला पुसतो? दहा-दहा वर्षं वस्तू गोणपाटात पडून असतात. वनमालाबाईंना दिलेला शब्द पाळला जाईल आणि पोरगा वाचेल.

आणि आपण? चार सह्या. नोकरी जाईल, चौकशी होईल, कदाचित आतही जावं लागेल. रुक्मिणीला काय सांगायचं? छप्पन्नाव्या वर्षी चौकीच्या बाकावर बसायचं. नुसत्या विचारानेच त्याला धाप लागली. पण पत्र लिहायचंच, असं त्याने मनाशी घट्ट केलं.

तीन प्रती हव्या होत्या म्हणून त्याने कागदांमध्ये कार्बन घातले. कागद एकमेकांपासून सुटेनात, बोटं नुसती घसरत होती. बसचं तिकीटही हल्ली असंच हातातून निसटायचं. कसंबसं पत्र लिहून झालं. दुसऱ्या प्रतीवर त्याच्या अंगठ्याचा कार्बनचा डाग उमटला होता. सहदेवने तो खोडायला खोडरबर उचललं आणि थांबला.

डागात रेषा नव्हत्या. एक सपाट, काळा, लांबट गोल. त्याने मुद्दाम पाचही बोटं कार्बनवर दाबली आणि कागदावर उठवली. पाच गोल. एकाही गोलात रेघ नाही, चक्र नाही, शंख नाही. त्याने अंगठा ट्यूबलाइटखाली धरला. पॉलिश केल्यासारखा होता.

त्याने दस्त्याकडे बघितलं नाही. जाळी किती बारीक कोरलीय, किती धारदार आहे, ते त्याला न बघताही ठाऊक होतं.

पत्राची घडी करून त्याने खिशात ठेवली. उद्या सकाळी चौकीत नेऊन देऊ. आज तिथपर्यंत चालवणार नाही.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मधुकर आला. एकटाच.

"काका, झालं लायसन! आपल्या नावावर!" त्याने निळं पुस्तक टेबलावर ठेवलं. "तुमचं सर्टिफिकेट तेवढं द्या, नंबर आणि साल घालून. उद्या गावाला निघतोय. शिमगा करून येतो."

"आई नाही आली?"

"आई पुढे गेलीय गावाला. तिला सांगितलंच नाही अजून. घेऊन गेलो की बघेल." मधुकर हसला, आणि मग साखळीतल्या दुनळीकडे बघू लागला. "ती नको म्हणते, माहितीय मला. पण बापाने मला कधी काही दिलं नाही हो. संपात सगळं विकलं. हिला नाही विकलं. माझ्यासाठीच ठेवली असेल ना?"

सहदेवचा हात खिशाकडे गेला. पत्र तिथेच होतं. बस, इतकंच म्हणायचं होतं: पोरा, नंबर जुळत नाही, बंदूक मिळणार नाही. तो चिडला असता, भाऊरावांनी विचारलं असतं, सगळं बाहेर पडलं असतं. मग जबानी. मग चौकीच्या पायऱ्या. त्या पायऱ्या किती आहेत ते सहदेवला आठवू लागलं, अकरा. अकरा पायऱ्या चढायच्या.

"सहदेव, आटप रे," पुढून भाऊरावांची हाक आली. "चार वेळा केलंयस, पाचव्यांदा काय एवढं?"

सहदेवने फॉर्म पुढे ओढला. आपण काय करतोय ते त्याला पूर्ण कळत होतं, हे लिहून ठेवलं पाहिजे. भूल पडली नव्हती, कोणी हात धरला नव्हता. लायसन उघडलं, त्यावरचा नंबर बघितला आणि फॉर्मवर उतरवला. २१,४०६. साल १९०९. बंदूक पाहिली, नंबर बरोबर. खाली सही.

"थँक्यू काका." मधुकरने साखळीतून सोडवलेली दुनळी हातात घेतली. काडतुसं आत नाहीत ना हे बघायला त्याने ती सराईतासारखी दुमडली आणि नळ्यांतून आरपार बघायला डोळ्याशी नेली. नळ्यांची तोंडं सहदेवकडे होती. रिकामी असली तरी धंद्यातला माणूस तोंडासमोरून बाजूला होतो. सहदेवला तेवढंही उठवेना. तो बसल्या जागेवरून नळ्यांत बघत राहिला.

उजव्या नळीत, दूर टोकाला, मधुकरचा डोळा होता. तपकिरी, पापण्यांसकट. ठीक आहे, तो बघतच होता.

डाव्या नळीतही डोळा होता.

दोन्ही नळ्यांमध्ये अंतर किती? बोटभर. माणसाचे दोन डोळे इतके जवळ नसतात, कोणाचेच नसतात, हे सहदेवच्या डोक्यात अगदी शांतपणे आलं. मधुकरचा डावा डोळा तर मिटलेला होता. नळ्यांच्या बाजूने त्याचा अर्धा चेहरा स्पष्ट दिसत होता. डाव्या नळीतला डोळा पापणी हलवत नव्हता. तो स्वच्छ होता, ओला होता, लहान मुलाच्या डोळ्यासारखा ताजा. त्याने एकदा सहदेवकडे बघितलं. मग बाजूच्या नळीकडे वळावं तसा तो हळूहळू मधुकरच्या बाजूला वळला.

मधुकरने बंदूक खाली घेतली. 'ठक्.'

"एकदम कोरी वाटते यार! बापाने काय जपली होती बघा." तो चादर गुंडाळू लागला. गाठ मारता मारता थांबला आणि शेजारच्या स्टुलावर टेकला. "जरा बसतो हं काका. नाइट शिफ्ट करून सरळ इकडेच आलो."

"बस," सहदेव म्हणाला. "पाणी देऊ?"

"नको. निघतो आता."

मधुकरने दोन्ही हात गुडघ्यांवर दाबले आणि उठला. सर्टिफिकेट खिशात घातलं, बंदूक खांद्यावर टाकली, भाऊरावांना हात केला. दुकानाच्या तीन पायऱ्या उतरताना त्याने भिंतीला हात लावला.

सहदेव उठून दारापर्यंत आला. टेबलाचा आधार न घेता उठलो हे त्याच्या दारात आल्यावर लक्षात आलं. पाठीतली कळ गेली होती. छातीत हवा भरून घेतली तर आत, खोलवर गेली. कित्येक महिन्यांत गेली नव्हती इतकी. झारापच्या त्या बाईचे कोरडे डोळे त्याला आठवले आणि लाज वाटली. खरंच वाटली, कान तापले. पण लाज वाटत असतानाही अंग हलकं होत होतं, आणि ते हलकं होणं त्याला हवंहवंसं वाटत होतं.

समोरच्या गल्लीत मधुकर अजून चालत होता. सव्वीस वर्षांचा पोरगा, आणि एवढ्या अंतरात दोनदा थांबला होता. एकदा विजेच्या खांबाशी, एकदा रसवंतीच्या बाकाशी. त्याला गाठायला कोणाला काय लागलं असतं? सहदेवचे पाय आता धावू शकत होते. त्याने टाच उचलून पाहिली. धावू शकत होते.

तो आत वळला.

"भाऊराव," तो म्हणाला, "चहाबरोबर वडापाव पण सांगा. फार भूक लागलीय."